नारायणगावात न उघडलेलं पान

बंगळूर, ऑक्टोबर २००४

ती. आबांना अक्षदाचा लांबूनच वाकून नमस्कार.

मी खुशाल आहे. रोज भात जेवते, आता रडू येत नाही.

क्लासात वेबसाइट करायला शिकवतात. त्यासाठी पीएचपी, पर्ल, पायथन अशा तीन भाषा एकाच कॉम्प्युटरवर बसवायच्या होत्या. एक चालू झाली की दुसरी रुसून बंद पडायची. आठव्या दिवशी तिघी नांदल्या आणि आपल्या टोमॅटोच्या रोपवाटिकेचं पान उघडलं! त्याच आनंदात तुम्हाला त्या पानाचा पत्ता कळवला.

काल भरतदादाचं पत्र आलं. तुम्ही चार शेजारी घेऊन, जीप बदलत शिनोलीहून नारायणगावच्या नेट कॅफेत गेलात म्हणे. पान उघडेना, तरी "पोरीचं काम लई मोठं हाय, येळ लागणारच," म्हणून सगळ्यांना तासभर बसवून ठेवलंत.

आबा, चूक माझी. ते पान फक्त माझ्याच कॉम्प्युटरवर उघडतं. जगाला कसं दाखवायचं, ते अजून डोक्यात शिरत नाही. आईला एवढं सांगू नका. तिचा गुडघा कसा आहे?

दिवाळीला कॉम्प्युटरच गोधडीत बांधून आणते. त्या चौघांना ओट्यावर बोलवा. फक्त तेवढा वेळ लाइट राहू दे, असं वायरमनला आत्ताच सांगून ठेवा.

तुमची, लई मोठ्या कामाची,
अक्षदा