आयएसओ आणि ताईचा चेहरा

६ तारीख
एकवीस तारखेला ताईच्या जबड्याचे ऑपरेशन आहे. नंतर चेहरा असाच राहील याची हमी डॉक्टर देत नाहीत. त्याआधी आपला एक चांगला फोटो असावा, असे ताईचे म्हणणे. काम मी अंगावर घेतले, म्हणून ही नोंद. कॅमेरा तिच्या जावयांचा. ते म्हणाले, मावशी, ऑटोवर ठेवा, तो आपलं आपण बघतो. माझ्या वतीने यंत्राने विचार करण्याची गरज नाही. मॅन्युअलवरच काढणार. दोन दिवस पुरेत.

७ तारीख, सकाळ
विषय सोपा आहे. अ‍ॅपर्चर म्हणजे भोक. शटर म्हणजे ते किती वेळ उघडे राहते. तिसरे आयएसओ. ते पान वाचले नाही. कारखान्यात दर्जातपासणीत माझी सगळी नोकरी झाली, आयएसओ म्हणजे दर्जाचे प्रमाणपत्र, ते मला कुणी शिकवू नये. सर्वांत वरच्या आकड्यावर ठेवले. दर्जात तडजोड नाही.

संध्याकाळ
पहिला फोटो पांढराफटक. ताई म्हणाली, डॉक्टरसुद्धा याहून जास्त जबडा ठेवणार आहेत गं. मी हसले नाही.

९ तारीख
प्रकाश जास्त, म्हणजे भोक लहान हवे. आकडा बावीसवरून तडक २.८ वर आणला. आणखी पांढरे. पुस्तक म्हणते, आकडा मोठा तर भोक लहान. ही पद्धत ठरवणाऱ्याला आमच्या कारखान्याने दुपारच्या सुट्टीआधी घरी पाठवले असते.

१२ तारीख
भोक आणि शटर जमले. आता फोटोभर वाळू फेकल्यासारखे ठिपके. लेन्स पुसली. ताईचा चेहराही ओल्या फडक्याने पुसला. ती म्हणाली, अगं इन्स्पेक्टरबाई, मी काय पार्सल आहे? जावयांनी आयएसओ विचारला. अभिमानाने सांगितला. ते गॅलरीत जाऊन बराच वेळ खोकले.

१३ तारीख
कॅमेऱ्यातल्या आयएसओचा दर्जाशी संबंध नाही. वाढवाल तसा फोटो उजळतो आणि बिघडतो. मला ही शंका आधीपासून होतीच. शंभरवर आणला.

१६ तारीख
आता अंधार. म्हणून शटर सावकाश केले, तर फोटो हललेला. ताईला बजावले, हलू नकोस. ती म्हणते, मी नाही, तुझा हात थरथरतोय. माझा हात कधी थरथरला नाही. खिडकीपाशी वारा असतो.

१८ तारीख
ताईने कॅमेरा मागितला. म्हणाली, दे इकडे, तू बस माझ्या जागी. पट्टा आधी गळ्यात घाल, हे मी तिला समजावत असतानाच तिने बटण दाबले. शिस्त नाही.

२० तारीख
ताईचा गाल सुजला. फोटो नको म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. माझे वेळापत्रक चोख होते. सूज लवकर आली.

२१ तारीख, सकाळ, दवाखाना
ताईकडून माझ्या ताब्यात: चष्मा, घड्याळ, कानातले.
जावयांना परत: कॅमेरा, पट्ट्यासह. त्यात ताईचा एकही धड फोटो नाही.
ताईला दिला: फोटो, एक. माझा. तोंड उघडे, बोट वर, भुवयांचा केस न् केस स्पष्ट. तिनेच मागून घेतला. म्हणाली, माझं तोंड कसंही होऊ दे, शुद्धीवर आल्यावर ओरडणारं कुणी ओळखीचं दिसायला हवं.
सेटिंग: ऑटो.