उंबऱ्यातली चौथी

प्रिय संस्कृती,

आठवीत एका बाकावर बसून चिठ्ठ्या लिहायचो, त्यानंतर तुला हे पहिलंच पत्र. दोनदा फोन लावला आणि तू उचलायच्या आधीच ठेवून दिला. तुझी नणंद अफ्रीन उद्या नागपूरला तुमच्याकडे निघतेय, तिच्याच हाती देते.

आधी तुझ्या बाबांची, नानाजींची तब्येत. कॅन्सर हाडांत गेल्यावर त्यांनी दवाखान्यात राहायचं नाकारलं, म्हणून दर गुरुवारी अकराच्या सुमारास आम्हीच तुमच्या घरी जातो. रिसोडचे डॉक्टर, आशा सेविका ललिताबाई आणि रिठद उपकेंद्राची नर्स म्हणून मी. डॉक्टर मॉर्फिनच्या गोळ्यांचं बघतात, मी पाठीवरची जखम धुते, ललिताबाई त्यांना कुशीवर धरून गावभरच्या गोष्टी सांगतात. बाकीचे सहा दिवस तुझा भाऊ हरीओमदादा सगळं करतो, अगदी मनापासून करतो. हे तुला कळायला हवं. दुखणं आता पुष्कळ आवाक्यात आहे.

महिन्यापूर्वी जखम धुताना नानाजी एकदम म्हणाले, “तिघं आत आले, मंग चौथी काहून उंबऱ्यात उभी हाये?”

मी मागे पाहिलं. दार उघडं, अंगणात लख्ख ऊन, वाळत घातलेलं सोयाबीन. कुणी नव्हतं. गोळ्यांनी असे भास होतात, म्हणून डॉक्टरांनी डोस थोडा कमी केला. पुढच्या गुरुवारी चौथी पुन्हा हजर. हरीओमदादाला विचारलं, तर एरवी नानाजी दाराकडे बघतही नाहीत म्हणे. म्हणजे ती आमच्याबरोबर येत होती आणि आमच्याबरोबरच जात होती.

तिसऱ्या गुरुवारी मी धीर करून विचारलं, कशी दिसते? म्हणाले, “तोंड नाई दिसत, उजेड मांगून हाये. डावा हात गळ्यात बांधेल हाये तिचा.” तेव्हापासून ललिताबाई तुमच्या दारातून अंग चोरून, एका बाजूनं आत येतात. कुणाला तरी वाट द्यावी तशा.

परवा रिसोडच्या बाजारात अफ्रीन भेटली. सहज बोलता बोलता म्हणाली, भाभी जिन्यावरून पडली, तीन आठवडे झाले, डाव्या हाताला प्लॅस्टर आहे. मी भाजी न घेताच परतले.

आता मी लपवलेलं सांगते. शाहिदशी लग्न केल्यापासून सहा वर्षांत घराचं नाव न काढणारी तू, सव्वा महिन्यापूर्वी मला फोन केलास. म्हणालीस, बाबाले फक्त एवढंच पूस, मी येऊ का? मी विचारायला निघाले आणि हरीओमदादानं दारातच अडवलं. “तिचं नाव काढशीन तर उद्यापासून या घरात येऊ नको.” मला वाटलं, मग जखम कोण धुणार? मी गप्प बसले, आणि तुला खोटंच कळवलं की बाबा झोपेत होते. तुझा प्रश्न नानाजींना कुणीच सांगितला नाही, संस्कृती. तरी काल त्यांनी मान उचलली आणि दाराकडे बघून म्हणाले, “कितीदा पुसशीन, बाई? घर तुयंच हाये. ये आत.” हरीओमदादा पायथ्याशी बसला होता. तो उठला आणि दाराची दुसरी फळीही उघडून आला. डॉक्टर म्हणतात, आठ-दहा दिवस. लवकर निघ.

तुझीच,
योगिनी