टोकाच्या बंगल्यावरचा दिवा

पुणे, शुक्रवार, ७ मार्च २०२५

चि. अवधूत यास,

माधवकाकांचे आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. ठीक म्हणजे, शेजाऱ्यांना पुढचा प्रश्न विचारावा लागू नये इतपत.

पत्र बघून दचकला असशील. फोन करता आला असता, पण आमच्या दोघांच्याही फोनमध्ये तुझा नंबर ब्लॉक केलेला आहे. माझ्या फोनमध्येही तो मंदाकिनीनेच केला. मी केला नाही आणि काढलाही नाही. माझा बाणेदारपणा साधारण एवढाच.

तू एस.टी.ने पाठवलेली कोकमाच्या आगळाची बाटली स्वारगेटला जाऊन सोडवून आणली. खोकं ओलं झालं होतं. खिडकीतला माणूस म्हणाला, "कोकणातनं आलंय ना? मग गळणारच." तरी निम्मं आगळ शिल्लक होतं आणि आत घातलेली तुझी चिठ्ठी वाचता येत होती. मंदाकिनीला सांगितलं, दुकानातून आणलं. तिने बोटावर घेऊन चव बघितली. "दुकानातलं इतकं चांगलं नसतं," म्हणाली आणि पुढे काही विचारलं नाही.

चिठ्ठीतलं सगळं समजलं. तुझ्या नजरेतून सुटलेलं कासवाचं एक घरटं फुटलं, पिल्लं समुद्राकडे जायची सोडून बंगल्यांच्या उजेडाकडे निघाली, कंपाउंडच्या गटारात पडली आणि सकाळी कावळे-कुत्री तुझ्याआधी पोचली. काय उरलं होतं ते तू लिहिलं नाहीस, आभारी आहे. आता दुसरं घरटं, उशिरा सापडल्यामुळे तुला हलवता न आलेलं, ह्या पंधरवड्यात फुटेल. कासवाचं पिल्लू वाळूतून वर आलं की उजेडाकडे चालतं. उजेड म्हणजे समुद्र, एवढ्या एका समजुतीवर त्याची जात आजवर जगली. ती समजूत मोडायला पुणेकरांना एक हाउसिंग स्कीम पुरली.

तू लिहिल्याप्रमाणे बंगलेवाल्यांची मीटिंग घेतली. इथेच, कारण मालक सगळे इथलेच. श्यामसुंदर अध्यक्ष, म्हणजे ज्यांचा हॉल मोठा ते. बटाटेवडे होते. एक गृहस्थ म्हणाले, "दिवे घालवले तर चोऱ्या होतील." त्यांच्या बंगल्यात चोरण्यासारख्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. दुसरे म्हणाले, "आम्ही सी-व्ह्यूचे पैसे मोजलेत, अंधाराचे नाही." एका बाईंना कल्पना सुचली, "आपण कासवाच्या आकाराचे दिवे लावू या ना! जनजागृती पण होईल." ह्याला अनुमोदनही मिळालं.

माझी जीभ तुला माहीत आहे. ती सोडली मोकळी. शेवटी सगळे वैतागून का होईना, कबूल झाले. मे अखेरपर्यंत समुद्राकडचे दिवे बंद. मी विजयी मुद्रेने वडा उचलला, तेव्हा श्यामसुंदर चष्मा पुसत म्हणाले, "आमचे होतील हो बंद, माधवराव. पण टोकाच्या बंगल्याचं..."

पुण्यात माणूस वाक्य अर्धं सोडत नाही. सोडलं, तर त्याला खरोखरच दया आलेली असते. सगळे फरशीकडे बघत होते. कासवाच्या आकाराच्या दिव्यांवाल्या बाईसुद्धा.

टोकाचा बंगला आमचा. त्या किनाऱ्यावरचा सगळ्यांत उंच, सगळ्यांत पांढराफटक दिवा आमच्या गच्चीवर. तू चिठ्ठीत 'बंगल्यांचे दिवे' असं अनेकवचन वापरलंस. मीही ह्या पत्रात आतापर्यंत तेच केलं.

तो दिवा मंदाकिनी रोज संध्याकाळी इथून लावते, फोनवरून. आधी देवापुढे निरांजन, मग फोन. ते ॲप आमोदनेच बसवून दिलं होतं. "आई, आता सदाशिव पेठेत बसून कोकणातला पंखा फिरव." काय हसलो होतो तेव्हा.

तीन वर्षांपूर्वी तुम्ही दोघं होडी घेऊन गेलात, तुटक्या जाळ्यात अडकलेलं कासव सोडवायला. तू परत आलास. आमोद आला नाही, कुठल्याच रूपात आला नाही. पोलिसांनी काय झालं विचारलं, तेव्हा तू म्हणालास, "कासव सुटलं." मंदाकिनी तुझ्या मागेच उभी होती. ते तुझ्या तोंडून नुसतं निसटलं, हे मला कळतं. तिला कळून घ्यायचं नाही.

दर्भाचा पुतळा करून विधी करता येतो, असं गुरुजी सांगायला आले होते. तिने त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "सापडला नाही ना? मग दिवा राहील. अंधारात त्याला किनारा कसा दिसायचा?"

चोऱ्यांच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर होतं. हे ऐकून मी गुरुजींना जिन्यापर्यंत पोचवून आलो.

तुझी चिठ्ठी आल्यावर जेवताना एकदा विषय काढून पाहिला. "पिल्लं मरताहेत गं तिकडे." ती आमटी वाढत म्हणाली, "कुणाकुणाची मरतात." मी आमटीसाठी भातात खड्डा केला.

म्हणून आता चोरासारखं करतोय. पाकिटात आमच्या मीटरच्या पेटीची किल्ली आहे. मेन स्विच बंद कर. ती इथे बटण दाबत राहील आणि फोन 'डिव्हाइस ऑफलाइन' म्हणत राहील. मी सांगेन, तिकडे लाइट गेलेत. कोकणाच्या बाबतीत हे कुणालाही पटतं. रोज सांगेन. ज्याच्यापायी मुलगा गेला त्या प्राण्यासाठी त्याच्या आईला फसवतोय. आमोदला हे आवडलं असतं का, ह्याचा विचार करतो. पिल्लांचं आवडलं असतं. आईचं नाही.

होडी फार आत नेत जाऊ नकोस.

तुझा,
माधवकाका

ता. क.

अवधूत, इथून पुढे मी लिहितेय, मंदाकिनीकाकू. ह्यांनी पाकीट चिकटवायला डिंक मागितला. ह्या घरात कुणी डिंक मागून जमाना झाला, म्हणून ते आंघोळीला गेल्यावर उघडून वाचलं.

किल्ली चुकीची घातली होती. ती आमच्या इथल्या माळ्याच्या दाराच्या कुलपाची. ह्यांना घरातलं कधीच काही ठाऊक नसतं. बरोबर किल्ली घातली आहे.

फोनवरून बंद करायला मला एक बोट पुरेल, पण ते बोट धजत नाही. तू तिथून कर. हे 'लाइट गेलेत' म्हणाले की मी 'बरं' म्हणेन. मी वाचल्याचं ह्यांना कळवू नकोस.

मे संपला की त्याच संध्याकाळी मेन स्विच चालू कर. विसरायचं नाही. आगळ चांगलं होतं.

— आमोदची आई