गिअरचं लायसन, पोळ्याच्या आधी

३ जुलै, गुरुवार
संस्थेत मीटिंग. चहा पाणचट, बातमी कडक. आंबागडकडच्या जंगलातल्या गावांचा लसीचा फेरा पोळा झाला की सुरू होऊन राहिला. गाई-म्हशीले लाळ-खुरकत, बकऱ्यांची वेगळी. संस्था मोटरसायकल देणार, मागं लसीचा थंड डबा बांधायचा. सगळ्यांच्या आधी हात मी वर केला.
सुपरवायझर सर म्हणे, "निर्मलाताई, लायसन दाखवा." दाखवलं. "हे तं बिनगिअरचं. स्कूटीचं. गाडी गिअरची आहे, नाही चालत."
म्हटलं स्कूटीवर जाते. तं म्हणे त्या रस्त्यानं स्कूटीचं पोट घासते. खरं आहे. मागं माझीच घासली होती.
गिअरचं असलं तं स्कूटी चालवता येते, स्कूटीच्या लायसनवर गिअरची नाही. कायदा बरोबर असन. राग यायचा तो आलाच. इतकी वर्षं या तालुक्यात जनावरं टोचून राहिली, लाथा खाल्ल्या, अन् अडली कुठं, तं डाव्या पायाच्या दांडीवर.
पोळ्याच्या आधी लायसन दाखवायचं. नाही तं फेरा दुसऱ्याले.

४ जुलै
घरी सांगतलं. हे राईस मिलमधून आले होते, कपड्यावर सारा कोंडा. जेवता जेवता म्हणे, "कायले पाह्यजे तुले गिअरचं? गाडी शिकून घे अन् जा. त्या जंगलात कोण पाह्यते? वाघ मांगते का लायसन?"
सासू हसली. मले हसू नाही आलं. म्हटलं, मी पडली, डबा फुटला, तं संस्था पहिले लायसनच विचारन, तवा वाघाले साक्षीले बोलावता का? मी भाजी वाढली नाही, स्वतःच घेतली त्यांनी.
सासूले मी मायच म्हणते. माय मागून तांदूळ निवडता निवडता हळूच बोलली, "माझ्या भावाच्या बकऱ्या मेल्या नं मागच्या साली. सगळ्याच्या सगळ्या. आंबागडले टोचणारं कोणी गेलंच नाही."
मले माहीत होतं. पण ती आजवर बोलली नव्हती.

७ जुलै
लर्निंग निघालं. सेवा केंद्रातल्या पोरानं विचारलं, "काकू, गिअर का बिनगिअर?" म्हटलं गिअर. त्यानं परत विचारलं. मी परत सांगतलं. आता महिनाभर शिकायचं, मंग भंडाऱ्याले पक्की टेस्ट.

१३ जुलै, रविवार
पहिला दिवस. यांची गाडी, आमचं खळं. साडीत पाय पलीकडे जात नाही, म्हणून यांची जुनी पँट घातली, वरून कुर्ता. माय दारात उभी. म्हणे, "मागून पाहिलं तं मले वाटलं पोरगाच आला मिलमधून." मंग पदर तोंडाले लावून जी हसत बसली.
क्लच. एकदम सोडला, गाडी बकरीसारखी उडाली अन् बंद. परत तसंच. हे म्हणत, "हळू सोड. हळू. हळू म्हटलं नं वं." शेवटी मीच म्हटलं, तुम्ही घरात जा, मी अन् गाडी पाहून घेतो. गेले. मंग चालली. शेणाच्या ढिगापर्यंत गेली, पण गेली.

१७ जुलै
पहिला, दुसरा गिअर जमला. तिसऱ्यात अजून जीव घाबरते.

२४ जुलै
धानाची रोवणी जोरात. गावातल्या बाया सगळ्या बांधीत. मी सकाळी टोचणीले, संध्याकाळी हे आले की गाडी. आज यांनी पांदणीत नेलं, शेताच्या वाटेवर, म्हणे खरी परीक्षा अठीच. चिखल घोट्याएवढा. यांनी शिकवलं, चिखल लागला की दोन्ही पाय खाली सोडायचे, टेकत टेकत न्यायची, गाडी सरकली तं पाय धरते. आमच्याकडे सगळे असेच चालवतात. डोंगा वल्हवल्यासारखं दिसते, पण पडत नाही कोणी.
मी पण नाही पडली. येतानी चौथा टाकला. मागं बसून यांनी एकदाही "हळू" नाही म्हटलं, म्हणजे चांगलं झालं.

२ ऑगस्ट
संस्थेतला क्लार्क भेटला, मोहाडीच्या बाजारात. म्हणे, "ताई, कायले एवढा ताप? तुमच्या जागी मले द्या फेरा, माझ्याजवळ गिअरचं आहे." म्हटलं, तुमच्याजवळ लायसन आहे, पण म्हशीची वेसण धरता येते का? हसला. मी हसली नाही. त्यानं खरंच अर्ज दिला आहे, मले मागून कळलं.

८ ऑगस्ट, शुक्रवार
भंडारा. टेस्ट. नापास.
लिहवत नाही.

९ ऑगस्ट
लिहिते. आठचा आकडा काढायचा होता. ग्राउंड सुकं, गुळगुळीत, आमच्या खळ्याहून चांगलं. पहिला, दुसरा गिअर बरोबर. पहिलं वळण बरोबर. दुसऱ्या वळणाले गाडी जराशी झुकली अन् माझा डावा पाय आपोआप खाली. टेकायची गरजच नव्हती. गाडी पडतच नव्हती. पायानं मले विचारलंच नाही.
साहेब चांगले होते. म्हणे, "ताई, पाय टेकला. गाडी येते तुम्हाले, पण आठमध्ये पाय खाली नाही चालत. सात दिवस थांबा, मंग परत या." माझ्या आधी एक पोट्टी होती, स्कूटीवाली. सरसर आठ काढून गेली. तिच्या पायाले काही कामच नाही. मले तिचा हेवा वाटला अन् मंग त्याचाच राग आला.
येतानी हे म्हणे, "मी शिकवलं ते चुकलं का?" म्हटलं, पांदणीत नाही चुकलं.
तारीख मिळाली अठराची. पोळ्याच्या आधी तेवढीच. परत नापास झाली तं फेरा गेला.

१० ऑगस्ट, रविवार
माय सकाळीच खाट घेऊन खळ्यात बसली. हातात बैल हाकायची तुतारी. पोळ्यासाठी बैलाचे घुंगरू काढून ठेवले होते, त्यातले दोन तिनं माझ्या पायात बांधले. म्हटलं, हे काय वं माय? म्हणे, "पाय हलला तं मले ऐकू येते. डोळ्यानं कमी दिसते मले."
यांनी राखेनं जमिनीवर आठ काढला. मी फिरवते, घुंगरू वाजते, माय ओरडते, "पाय!" दुपारपर्यंत तेच. एकदा तुतारी खरंच लागली पोटरीले. म्हटलं, माय, मी बैल नाही. म्हणे, "बैल असता तं कवाचा शिकला असता."
बाजूची बाई पाणी भरता भरता थांबून पाहत होती. पाहू दे.

१२ ऑगस्ट
घुंगरू कमी वाजते. झोपेतही पाय वर धरून राहिली म्हणे मी. हे सांगतात, खरं खोटं त्यांनाच माहीत.

१४ ऑगस्ट
आज माय एकदाही ओरडली नाही. मीच थांबून विचारलं, झोपली का? म्हणे, "ऐकून राहिली." मंग म्हणाली, आंबागडले फोन लावून दे. भावाले सांगतलं तिनं, "पोळ्यानंतर आमची निर्मला येते. यंदा बकऱ्या विकू नको." मी मधी म्हटलं, अजून पास नाही झाली वं. तिनं हातानं मले गप केलं.
आता नापास व्हायची सोय नाही राहिली.

१८ ऑगस्ट, सोमवार
टेस्ट दिली. दोन्ही पाय वर. दोन्ही वळणं, पूर्ण आठ, पाय वर. पायात घुंगरू नव्हते तरी मी ऐकत होती. गिअर बरोबर, इंडिकेटर बरोबर. फक्त शेवटी, साहेबांनी हात केला तवा ब्रेक मारला अन् क्लच धरायचा राहिला. गाडी एक धक्का देऊन बंद पडली. रेषेच्या आत का बाहेर, मले नाही दिसलं. साहेबांनी टॅबवर काही केलं. विचारलं, काय झालं साहेब? म्हणे, "मेसेज येईल." मागं रांग होती, परत विचारता नाही आलं.
आता गंमत. येतानी पांदणीनं आलो, मी चालवत, हे मागं. चिखल लागला. हे ओरडले, "पाय सोड, पाय सोड!" माझे पाय वरच. सुटलेच नाही. गाडी सरकली, दोघंही आडवे. यांचे इस्त्रीचे कपडे, भंडाऱ्याले जायचं म्हणून घातलेले. क्लचची दांडी वाकली. आम्ही दोघं चिखलात बसून एवढं हसलो का शेतातल्या बाया रोवणी सोडून बांधावर आल्या.

१९ ऑगस्ट
मेसेज नाही. दांडी यांनी ठोकून सरळ केली. संध्याकाळी एकटी पांदणीत गेली, मुद्दाम. चिखल आला की पाय खाली, सुकं आलं की पाय वर. दोन्ही शिकणं भाग आहे. ग्राउंड भंडाऱ्यात आहे, पण बकऱ्या आंबागडले आहेत.

२० ऑगस्ट, बुधवार
मेसेज नाही. मोबाइल घेऊन चुलीपाशी बसली, भाकर करपली. मायनं करपलेलीच खाल्ली.
आता सरांचा फोन आला. फेऱ्याची यादी उद्या वर जाते. क्लार्कचा अर्ज समोरच आहे. म्हणे, "ताई, लायसनचं काय?" म्हटलं, टेस्ट दिली, मेसेज यायचा आहे. म्हणे, "मंग आंबागडसमोर तुमचं नाव सध्या पेन्सिलनं लिहून ठेवतो."
माय खाटेवरून माझ्याकडेच पाहून राहिली होती.
म्हटलं, सर, पेनानं लिहा.