गुड फ्रायडेचा सहावा उद्गार

५ मार्च, बुधवार. पहाटे
आजपासून उपवासकाळ. ईस्टरपर्यंत गोड बंद, मोबाइल बंद, चिडणं बंद. रोज एक तास वाचन. उपदेश पंधरा मिनिटांच्या वर नाही. पहाटे उठायचं, हा सहावा निश्चय, तो पूर्ण झालेलाच आहे. मांजरानं दुधाचं पातेलं पाडलं म्हणून उठलो, पण उठणं ते उठणं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
भय्यासाहेब येऊन गेले. आमच्या चर्च कमिटीचे सेक्रेटरी. फॅक्टरीतून फोरमन म्हणून रिटायर झाले, अजून मंडळीला वर्कशॉप समजतात. म्हणाले, पाळकसाहेब, मराठी उपासनेला माणसंच येऊन नाही राहिली. तिकडे हिंदी उपासनेत बसायला जागा नाही, इकडे पंखेच फिरून राहिले. कमिटीचा विचार आहे, ईस्टरनंतर मराठी बंद करू, सगळे एकत्र हिंदीत बसू.

मी म्हटलं, परीक्षांचे दिवस आहेत. ते म्हणाले, राधाबाईंची कोणती परीक्षा आहे?

चिडलो. (चिडणं उद्यापासून बंद.) माझे आजोबा या हिंदी मुलखात, याच चर्चमधे मराठीत उपदेशाला उभे राहिले, वडील राहिले. आता मी देवाशी हिंदीत बोलू? दूधवाल्याशी बोलतो तसं? पहिल्या बाकावरच्या राधाबाईंना कळलं तर त्या म्हणाल्या, मला पुरताना हिंदीत गाल काय रे मेल्यांनो? म्हातारी डोळे पुसत होती. मलाही भरून आलं. ही उपासना मी वाचवणार. उपाय सोपा आहे. उपदेश आणखी प्रभावी करायचा.

७ मार्च
स्टेशनवरच्या स्टॉलवरून मोटिव्हेशनचं पुस्तक आणलं. लेखक म्हणतो, लीडरला आधी स्वतःवर विश्वास पाहिजे. तो आहेच, म्हणून पहिलं प्रकरण सोडलं. दुसऱ्यात झोप लागली.

९ मार्च, रविवार
उपदेश पंधरा मिनिटांचाच झाला, प्रस्तावना धरली नाही तर. कुंदा म्हणते, प्रस्तावनेतच तिचा घरचा वरणभात आठवून झाला. बायको पाळकाची असली तरी बायकोच.

प्रणोती आजही आली नाही. विजय नगरला इन्शुरन्सच्या ऑफिसात जाते, रविवारी झोपते. तिला समजावलं की यूथ माझ्याशी लवकर कनेक्ट होतो. पांघरुणातूनच म्हणाली, ‘कौन सा यूथ, बाबा?’ पोरीला मराठी समजते सगळी, बोलताना मात्र अर्धी वाट हिंदीनं जाते. तिला उपासनेला आणायचं, हेही माझ्या प्लॅनमधे आहे.

१४ मार्च
होळी. शेजारच्या शर्माजींनी खोव्याची जिलेबी पाठवली. शेजारधर्म मोडणं हे गोड खाण्यापेक्षा मोठं पाप. शेजारधर्म चार वेळा पाळला.

१८ मार्च, मंगळवार
दिवसभर लीडरशिपचा सेमिनार. फारच प्रेरणादायी. कुंदाचं डोळ्याचं काहीतरी होतं आज. त्या दोघी मायलेकी पाहून घेतील.

२३ मार्च, रविवार
आयडिया सुचली! गुड फ्रायडे!

वर्षभर तोंड न दाखवणारी घरंसुद्धा गुड फ्रायडेला येतात. रेल्वे कॉलनीतली, फॅक्टरी इस्टेटमधली, चेरीतालची, सगळी. बारा ते तीन उपासना. प्रभू क्रुसावरून सात वेळा बोलला, त्या एकेका उद्गारावर एकेक वक्ता बोलतो, मधे गाणी. तीनच्या ठोक्याला घंटा होते, कारण त्या वेळी प्रभूनं प्राण सोडला. घंटेनंतर कोणी एक शब्द बोलायचा नाही, चुपचाप घरी जायचं, हा आमचा जुना रिवाज. हिंदीवाल्यांची तीच उपासना दुसऱ्या हॉलमधे.

भय्यासाहेबांना म्हटलं, गुड फ्रायडेला पाहा आणि मग ठरवा. ते म्हणाले, चलो, ठीक आहे.

२९ मार्च
उद्गारांचं वाटप झालं. भांडणं होतातच. क्षमेचा उद्गार सगळ्यांना पाहिजे, कारण प्रत्येकाला समोरच्या बाकावर बसलेल्या कोणाला तरी ऐकवायचं असतं. शेवटी तो भय्यासाहेबांनी घेतला. सख्ख्या भावाशी बोलत नाहीत, पण घेतला. चौथा, देवा मला का सोडलंस म्हणतो तो, कोणी घेत नव्हतं, अवघड आहे म्हणून. आईची सोय लावतो तो तिसरा उद्गार मझौलीच्या आल्हाद मास्तरांना दिला. सहावा मी ठेवला, सगळं पूर्ण झालं म्हणतो तो. पाळकाला शोभणारा आहे, आणि मोक्यावर येतो.

६ एप्रिल, रविवार
आजची हजेरी लिहीत नाही. संख्येनं देव मोजला जात नाही.

सहाव्या उद्गाराची तयारी जोरात. पूर्ण झालं म्हणजे काय झालं, हे सांगायचं तर आधी सुरू काय झालं होतं ते सांगावं लागेल. म्हणजे उत्पत्तीपासून. कुंदानं विचारलं, मग संपतं कुठं? म्हटलं, ते वाहत्या ओघात कळेल.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
झावळ्यांवरून पोरांची तलवारबाजी झाली. एक झावळी मला लागली. चिडलो नाही. फक्त पोराच्या बापाला उपासनेत उभं करून नाव विचारलं. पुढच्या रविवारी ते घर हिंदीत जाणार, असं भय्यासाहेब म्हणाले. त्यांना सगळं निगेटिव्ह दिसतं.

१७ एप्रिल
आल्हाद मास्तरांचा फोन. उन्हाची लू लागली, पडून आहेत. तिसरा उद्गार रिकामा!

मी लगेच भय्यासाहेबांना गाठून म्हटलं, काळजी नको, तिसरा आणि सहावा दोन्ही मीच घेतो. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. माझ्यासमोरच त्यांनी प्रणोतीला फोन लावला आणि पोरगी चक्क हो म्हणाली! मी घरी येऊन म्हटलं, बेटा, तुझं मराठी कच्चं आहे, मी लिहून देतो. बारा पानं लिहून दिली. तिनं थँक्यू म्हटलं आणि पानं फ्रिजवर ठेवली.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे. सकाळी
घसा साफ. गरम पाणी, मीठ. उपास, म्हणून फक्त चहा. आणि दोन टोस्ट, कारण आवाजाला आधार लागतो. आज इतिहास घडेल.

रात्री
चर्च भरलं. बाहेर खुर्च्या टाकाव्या लागल्या. मी म्हटलंच होतं.

भय्यासाहेब क्षमेवर बोलले, भावाकडे पाहून. भाऊ छताकडे पाहत होता. मग दुसरा, मग प्रणोती.

तिच्या हातात पानं नव्हती. मुद्दे नव्हते, प्रस्तावना नव्हती. म्हणाली, इतनी तकलीफ में है, श्वास घेता येऊन नाही राहिला, तरी तो पाहतो की आईजवळ कोण उभं आहे. म्हणाली, ‘माझे बाबा साऱ्या मोहल्ल्याच्या आयांसाठी प्रेयर करतात. मागच्या महिन्यात माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ती ऑटो करून एकटी गेली आणि पट्टी बांधून एकटीच परत आली. बाबा सेमिनारला होते. मी ऑफिसात. मला वाटलं बाबा जातील. बाबांना वाटलं मी जाईन.’ मग म्हणाली, ‘क्रुसावर लटकलेल्या माणसाला जे दिसलं, ते आम्हाला बसल्या जागी नाही दिसलं. बस, इतनाच.’ आणि खाली उतरली.

राधाबाई डोळ्यांना पदर लावून रडत होत्या. भय्यासाहेबांनी चष्मा काढला. बायकांनी वळून कुंदाकडे पाहिलं. मी नाही पाहिलं. मी माझी टिपणं पाहत होतो.

बोलण्यात स्ट्रक्चर नव्हतं. घरचं घरात राहायला हवं होतं. तिला सांगणार आहे.

मग गाणं, चौथा, पाचवा. सगळ्यांनी वेळ खाल्ला. माझ्या वाट्याला जेमतेम उरलं. तरी मी ठरल्याप्रमाणे उत्पत्तीपासून सुरू केलं. जलप्रलयापर्यंत आलो तेव्हा भय्यासाहेबांनी घड्याळ दाखवलं. आज ठासून बोलणं भाग होतं, प्रणोतीच्या त्या बोलण्यानंतर तर होतंच. मिसर देशातून लोकांना बाहेर काढत होतो आणि घंटा झाली.

सगळे उठले. कोणी बोललं नाही. माना खाली घालून ओळीनं बाहेर गेले. मी बोलत होतो, ते जात होते. माझ्या उपदेशानंतर इतकी गाढ शांतता कधी झाली नव्हती. लोक आतून हलले असले पाहिजेत.

सातवा वक्ता कागद हातात घेऊन बसूनच राहिला. प्रभूनं पित्याच्या हाती आत्मा सोपवायचा होता, ते यंदा राहून गेलं.

१९ एप्रिल
प्रणोतीला काही सांगितलं नाही. कुंदाला विचारायला दोनदा स्वयंपाकघरात गेलो. पाणी पिऊन आलो. तिसऱ्यांदा विचारलं, डोळा कसा आहे? कणीक मळता मळता म्हणाली, चांगलं दिसून राहिलं. मी म्हटलं, मला सांगायचं नाही का? म्हणाली, सांगितलं होतं, तुम्ही आमेन म्हणालात.

मला फार लाज वाटली. हे इथं लिहून ठेवतो, कारण मोठ्यानं म्हणता आलं नाही.

२० एप्रिल, ईस्टर
प्रभू उठला. उपासनेनंतर कमिटी बसली.

मराठी उपासना चालू राहणार! एकमतानं! परवा आलेल्या घरांनी स्वतः फोन करून सांगितलं, बंद करू नका. मी हात जोडून देवाचे आभार मानत होतो, तेवढ्यात भय्यासाहेबांनी दुसरा ठराव वाचला. यापुढे मराठीत उपदेश मंडळीतली माणसं पाळीपाळीनं करतील, पहिली पाळी प्रणोतीची. पाळकसाहेबांनी सुरुवातीची प्रार्थना घ्यावी आणि शेवटी आशीर्वाद द्यावा. मी विचारलं, मधे? ते म्हणाले, मधे बसा की जरा, पाळकसाहेब. किती वर्षं उभे आहात.

म्हणजे मला मोठ्या कामासाठी मोकळं केलं आहे. काम कोणतं ते कळेलच.

२७ एप्रिल, रविवार
प्रार्थना घेतली. मग खाली बसायला निघालो तर कुठं बसायचं ते कळेना. कुंदा खिडकीपाशी होती. तिनं पर्स उचलून मांडीवर घेतली. बसलो. प्रणोती बोलली. काय बोलली ते मुद्द्यांसकट लिहिणार होतो, पण ऐकतच राहिलो. कुंदा एकदा हसली. तिला हसताना इतक्या जवळून कधी पाहिलं होतं, आठवेना.

आशीर्वाद दिला. रिवाजाप्रमाणे उपदेश करणारा दाराशी उभा राहून सगळ्यांशी हात मिळवतो. मी सवयीनं दाराकडे गेलो. तिथं प्रणोती उभी. मागं फिरणं बरं दिसेना, तर रांगेत लागलो. माझी पाळी आली. तिनं हात पुढे केला. म्हणाली, ‘आलात, बरं वाटलं, बाबा. पुढच्या रविवारी पण या.’

येतो म्हणालो. आणखी काही बोलायचं होतं, हात सोडवेना. मागून राधाबाई ओरडल्या, ‘अहो पाळकसाहेब, काहून उभे राहिले? सरका पुढं, लाइन अडून राहिली!’

सरकलो.