अकरा स्वयंसेवकांच्या आवाजाची व्यवस्था

मी, व्यंकट ग्यानबा मेत्रे, वय ५६, धंदा मोटार वाइंडिंग, राहणार औराद, जिल्हा बीदर, डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे मृत्युपत्र लिहितो. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं स्वतः शिकलो. यातला एकही शब्द कुणी ‘सुधारू’ नये.

१. राहतं घर पत्नी मंगल हिचं. तिच्या हयातीत वाटणीचा विषय कुणी काढू नये.

२. दुकान आणि वाइंडिंगचं मशीन पुतण्या महांतेश याला. तारेची जाडी त्याने मोजूनच घ्यावी, डोळ्यांच्या अंदाजाने नाही.

३. स्वयंसेवक मंडळाचे अध्यक्ष गुंडेराव यांना काही नाही. माझ्या मयतीत त्यांनी भाषणही करू नये. कारण लिहितो. कोरोनात दवाखान्यात राबलेल्या आम्हा अकरा स्वयंसेवकांच्या आठवणी यांच्याच स्मरणिकेसाठी मी मोबाइलवर रेकॉर्ड केल्या, शब्द न शब्द तीन वह्यांत उतरवून त्यांची नक्कल दिली. त्यात आमच्यातली सरुबाई म्हणाली होती:

“पेशंट नागप्पा सकाळी सातलाच गेलता. वरून हुकूम, कागद होईस्तोर सांगायचं न्हाई. त्याची बायको लिंगम्मा फाटकावर डबा घेऊन हुभी. म्या डबा आत नेला, शेजारच्या खाटंवरल्याला चारला, रिकामा आणून दिला. ‘समदं खाल्लं का?’ म्हणली. म्या व्हय म्हणले. हसली व माय. तिला कुणीतरी खरं सांगा.”

छापलं काय? ‘रुग्णसेवेतून मला अपार समाधान लाभले.’ सरुबाई जन्मात असं बोलली नव्हती! जाब विचारला तर गुंडेराव म्हणतात, “व्यंकटराव, चांगल्या कामात असलं कामून घालायलाव?”

सरुबाई गेल्या वर्षी वारली. नवरा पोटभर जेवून गेला, असं लिंगम्मा आजही सगळ्यांना सांगते.

४. मोबाइल आणि तिन्ही वह्या सरुबाईची मुलगी विजयश्री हिला. माझ्या पश्चात तिने लिंगम्माच्या गावी, कोहिनूरला जाऊन तिला हे रेकॉर्डिंग काहीही न कापता ऐकवावं.

इथवर वाचून साक्षीदार सिद्धराम म्हणाला, “अप्पा, तुमी मरायची वाट त्या म्हातारीनं बघायची व्हय? तीन वर्सं आवाज खिशात घालून हिंडायलाव, आन् शिव्या गुंडेरावाला!” संताप आला. पण पेन हाती घेतलं.

सबब कलम ४ मधलं ‘माझ्या पश्चात’ रद्द. खोडलेल्या जागी माझी सही आहे. उद्या सकाळच्या बसने विजयश्रीला घेऊन मीच कोहिनूरला जाणार. लिंगम्मा जे बोलेल ते ऐकून घेईन. रेकॉर्ड करणार नाही.

सही: व्यंकट ग्यानबा मेत्रे
साक्षीदार: १. सिद्धराम कल्लप्पा बिरादार २. नरसिंग माणिक मेत्रे
औराद, १२ फेब्रुवारी २०२५