इस्त्रीसाठी उपटलेली वायर

आदरणीय साहेब,

कॉम्प्युटर अडला की लोक फोन करतात, त्या तुमच्या हेल्पडेस्कवर सोमवारी रुजू झालेल्या मुलीची मी आत्या. अक्षरं दुकानांच्या पाट्या वाचून शिकले, तेव्हा चूकभूल पोटात घाला.

व्हिडिओवरच्या मुलाखतीत तुमचं चित्र अचानक गेलं, ती करणी माझी. इस्त्री लावायची म्हणून मी इंटरनेटच्या डब्याची वायर उपटली. जागोजागी नकार पचवून पोर तिथवर पोचली होती आणि मी तिच्या केल्यासवरल्यावर पाणी ओतलं. तुमचा फोन आला. तिने तो स्पीकरवर ठेवला, पण आधी बोलली माझ्याशीच.

"आत्या, रडू नकोस. इस्त्री काढ, काळी वायर लाव. दिवा लुकलुकतोय ना? झालं तर मग. बस जरा, पाणी पी."

तुम्ही विचारलंत, "कोण आहे?"

"आत्या, सर. सॉरी."

"सॉरी कशाला? आम्हाला दिवसभर असेच घाबरलेले लोक फोन करतात. कामावर कधी येताय?"

पोर म्हणते, "हे पत्र पाठवलंस तर ऑफिसात माझी शोभा होईल." म्हणून पाठवत नाही. पण उपकार मनात ठेवून झोप लागत नाही. आईविना वाढलेली ही पोर कुणावर आवाज चढवत नाही. लोक म्हणायचे, "इतकी मऊ राहिली तर जगात निभाव कसा लागायचा?" मलाही तीच धास्ती होती. साहेब, तुम्ही तिला तशीच कामावर ठेवून घेतलंत.

तुमची ऋणी,
तिची आत्या